कपडे पाहून माणूस तोलणारी दुकानं आणि हॉटेलं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी माझ्याबद्दल दोन ओळी. मी नागपूरच्या सीताबर्डीत साड्यांच्या एका मोठ्या दुकानात सहा वर्षं सेल्सला होते, आता मानेवाड्याकडे माझं स्वतःचं फॉल-पिको आणि ब्लाऊज शिवायचं दुकान आहे, थोड्याफार साड्याही ठेवते. माप देता देता बाया बोलतात आणि दर लग्नसराईत, दर दिवाळीत फिरून फिरून त्याच गोष्टी निघतात, की अमुक दुकानात कोणी विचारलंच नाही, तमुक हॉटेलात मागे बसवलं. त्यांनी विचारलेले प्रश्न आणि मी दिलेली उत्तरं इथे लिहून काढली आहेत.

खरंच कपड्यांवरून ठरवतात का, की आपल्यालाच उगाच तसं वाटतं?

ठरवतात. मी स्वतः ठरवलंय म्हणून सांगते. कामावर लागल्यावर पहिल्याच आठवड्यात सीनिअर ताईंनी मला शिकवलं की चेहरा नको पाहू, पाय पाहा. गादीवर बसायच्या आधी माणूस चपला काढतो, तेव्हा चप्पल कुठली आहे, टाचा किती भेगाळल्यात, मग हातात पर्स आहे की खताच्या कंपनीची नायलॉनची थैली, मग मोबाईल कोणता, मग सोबत कोण आलंय. पाच-सहा सेकंदांचं काम आहे हे, आणि तेवढ्यातच ठरतं की तुम्हाला "या, बसा" म्हणायचं की उभ्यानेच रॅककडे बोट दाखवायचं, पाणी विचारायचं की नाही, आणि सगळ्यात मोठं म्हणजे घडी मोडायची की नाही.

घडी मोडणं हा आमच्या धंद्यातला फार महत्त्वाचा शब्द. ज्याच्याकडून बिल होईल असं वाटतं त्याच्यासमोर सेल्समन एकामागून एक साडी सर्रकन उलगडतो, पदर स्वतःच्या खांद्यावर टाकून दाखवतो, बघता बघता गादीवर ढीग लागतो. ज्याच्याकडून होणार नाही असं वाटतं त्याला साडी घडीतच दाखवतात, काठाचा एक कोपरा वर करून, आणि म्हणतात "घेणार असाल तर उघडतो". हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल तर तुम्हाला उगाच काही वाटलेलं नाही, ते तसंच होतं.

एक मात्र आहे, दिवाळीच्या गर्दीत कोणालाच कोणी विचारत नाही, तेव्हा फरक असा ओळखायचा की तुमच्या नंतर आलेल्याला तुमच्या आधी अटेंड केलं का. केलं असेल तर गर्दीचं कारण लागू होत नाही.

सेल्सवाले असं करतात तरी का? तेही आपल्यासारख्याच घरचे असतात ना?

असतात, म्हणूनच हे जास्त लागतं. मी ज्या मुलींसोबत काम केलं त्यातल्या बहुतेक जणी शेअर ऑटोने यायच्या, दिवसभर उभं राहून त्यांच्या पोटऱ्या दुखायच्या, आणि ज्या साडीची घडी मोडायच्या ती त्यांच्या दोन महिन्यांच्या पगाराची असायची.

कारण सरळ आहे, टार्गेट. प्रत्येकीचं महिन्याचं सेल लिहिलं जायचं, त्यावर इन्सेंटिव्ह, आणि गिऱ्हाईक काही न घेता गेलं की मालक काउंटरवरूनच विचारायचे, का गेलं, काय दाखवलं होतं. वीस साड्या उघडल्या आणि बिल झालं नाही तर त्या वीसच्या वीस घड्या परत घालायच्या आपण, तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक दुसरीकडे गेलेलं असतं. मग हळूहळू माणूस अंदाज लावायला शिकतो आणि अंदाज लावायला सगळ्यात सोपी वस्तू म्हणजे समोरच्याचे कपडे.

पण कारण कळलं म्हणून ते बरोबर होत नाही. मी हे करत होते तेव्हाही मला कळायचं की समोरच्या बाईला समजलंय. तिचे हात मागे जायचे, साडीला हात लावायची बंद व्हायची. ते हात मागे जाणं मी अजून विसरले नाही.

"ते तुमच्या रेंजच्या बाहेर आहे" असं न विचारताच सांगितलं तर काय करायचं?

हा प्रश्न माझ्यासाठी सगळ्यात जवळचा आहे, म्हणून उत्तर लांब होईल.

२०१४ ची गोष्ट. माझ्या लहान बहिणीच्या लग्नाचा बस्ता होता. आमचं गाव काटोल तालुक्यात, बाबांच्या कापसाचा चुकारा नुकताच आला होता आणि ते पैसे प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून बंडीच्या आतल्या खिशात ठेवून बाबा सकाळच्या एसटीने नागपूरला आले, धोतर, बंडी, खांद्यावर दुपट्टा, जसे ते पोळ्याला जातात, कोर्टात जातात, सगळीकडे जातात तसे. आमच्या दुकानात स्टाफने घरच्यांना आणलेलं चालायचं नाही म्हणून मी त्यांना दुसऱ्या एका दुकानात घेऊन गेले. नवरीचा शालू सात हजारांपर्यंत घ्यायचा असं घरून ठरवून निघालो होतो, आईने कागदावर सगळ्यांच्या साड्यांची यादी केली होती, मामी, आत्या, मावशा, आणि सगळ्यात शेवटी स्वतःची.

बाबांनी सहज एका शालूकडे बोट दाखवलं, लाल होता, बारीक बुट्टी होती, आणि सेल्समन हसून म्हणाला, "काकाजी, तो राहू द्या, तो तुमच्या रेंजच्या बाहेर आहे."

मला ते वाक्य पाठ होतं, मी ते स्वतः बोललेले होते. कधी ते खरंच गिऱ्हाइकाची सोय म्हणून बोललं जातं, पण बरेचदा ते मुद्दाम बोलतात, कारण असं म्हटलं की काही माणसं उठून जातात आणि काही माणसं ईर्षेने तीच वस्तू घेतात, आणि लग्नाच्या बस्त्यात मुलीचा बाप उठून जात नाही. बाबांनी विचारलं, "केवढ्याचा हाय?" तो म्हणाला साडेबारा हजार. बाबा म्हणाले, "काढा." त्याने तेव्हा घडी मोडली. मी शेजारी बसले होते, मला सगळं कळत होतं, बाबांच्या दंडाला हात लावून "राहू द्या बाबा" एवढं म्हणायचं होतं आणि माझ्या तोंडातून शब्द निघाला नाही, कारण मी बोलले असते तर त्या माणसासमोर त्यांची अजून एकदा मान खाली गेली असती.

साडेपाच हजार वर गेले. यादीतली शेवटची साडी कटली. आई लग्नात माझी साडी नेसली.

म्हणून या प्रश्नाला माझं उत्तर असं आहे, आपली लायकी दाखवायला काहीही विकत घेऊ नका. त्या वाक्याला उत्तर पैशाने द्यायचं नाही, तोंडाने द्यायचं: "भाऊ, रेंज मी सांगितली नाही अजून, तुम्ही दाखवा, घ्यायचं का नाही ते आम्ही पाहू." आवाज चढवायची गरज नाही. आणि घरून ठरवलेला आकडा कागदावर लिहून सोबत न्या, डोकं तापलं की तोंडी ठरवलेला आकडा राहत नाही. त्यातही मन थाऱ्यावर नसेल तर बाहेर या, चहा प्या, अर्ध्या तासाने परत जा किंवा शेजारच्या दुकानात जा, बर्डीत आणि गांधीबागेत दुकानांची काही कमी नाही.

मग चांगले कपडे घालूनच खरेदीला जायचं का?

खरं सांगू तर फरक पडतो, मी पाहिलंय, तीच बाई साध्या साडीत आली तर वेगळी वागणूक आणि कोणाच्या रिसेप्शनवरून तशीच आली तर वेगळी. त्यामुळे ज्यांना नटून जायला आवडतं त्यांनी खुशाल जावं. पण साडी घ्यायला जाताना अंगावर आधी भारी साडी असली पाहिजे असा नियम कोणी करत असेल तर तो मला मान्य नाही. शिवाय आपलं नागपूर आहे हे, मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, कॉटनचा जुना ड्रेस, डोक्याला दुपट्टा, घामाने चिकटलेले केस, असंच माणूस बाहेर पडतो, बर्डीवर पोचेपर्यंत कोणाचीही इस्त्री राहत नाही.

आणि आपण विदर्भातले लोक हे विसरतो याचं मला फार वाईट वाटतं. गाडगेबाबा आपले, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे, १८७६ चा जन्म, अंगावर चिंध्या जोडून केलेला अंगरखा, हातात गाडगं आणि झाडू. त्यांचा फोटो कित्येक दुकानांत लावलेला असतो, त्याला हार असतो, आणि त्याच फोटोखाली फाटक्या सदऱ्यातला माणूस उभा राहिला की त्याला विचारतात, "हां, काय पाहिजे?"

चेहऱ्याला स्कार्फ बांधला असला की गार्ड अडवतो, बॅग तपासतो. हे चालतं का?

चेहरा दाखवा म्हणणं, बॅग काउंटरला ठेवा म्हणणं चालतं, अट एकच की सगळ्यांना सारखं म्हणावं. स्कूटीवरून येणाऱ्या अर्ध्या नागपूरच्या मुली स्कार्फमध्ये असतात, त्यातल्या कोणाची बॅग उघडायला लावतात आणि कोणाला सॅल्यूट करतात ते दोन मिनिटं दारात उभं राहून पाहा. अंगाची झडती घ्यायचा अधिकार दुकानाच्या गार्डला नाही. चोरीचा संशय असेल तर त्यांनी पोलिसांना बोलवावं. तुम्हाला खोलीत नेऊन बसवून ठेवणं, दार लावून घेणं हा उलट त्यांच्याकडून गुन्हा होतो, भारतीय न्याय संहितेत अन्यायाने अडवून ठेवणं आणि कोंडून ठेवणं यासाठी कलम १२६ आणि १२७ आहेत. अशा वेळी ११२ ला फोन लावा आणि शांतपणे म्हणा की पोलीस येईपर्यंत मी इथे सगळ्यांसमोर उभी राहते, आत येणार नाही.

कपडे पाहून भावही वेगळा सांगतात का?

जिथे टॅग नाही तिथे होतं, दोन्ही बाजूंनी होतं, गाडीतून उतरलेल्याला जास्त सांगतात आणि गावाकडून आलेल्याला माहीत नसेल समजून जास्त सांगतात. दुकानात पॅकबंद वस्तूवर छापील किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही, कोणाकडूनच नाही. सुट्या कापडाचा भाव तीन दुकानांत विचारल्याशिवाय घेऊ नका, एवढंच.

सोन्याच्या दुकानात कमी वजनाचं घ्यायला गेलं की नीट दाखवत नाहीत. काय करावं?

बाप्पा, हे तर रोजचं आहे. एक ग्रॅमचं डोरलं घ्यायला गेलेली बाई अर्धा तास उभी असते. पण इथे वागणुकीपेक्षा मोठी गोष्ट आहे ती सांगते, लक्षात ठेवा. सोन्याच्या दागिन्यावर हॉलमार्क म्हणजे शुद्धतेचा शिक्का सक्तीचा आहे, एप्रिल २०२३ पासून त्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी नंबर असावा लागतो, तो सरकारच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून दागिना खरा आहे का ते बघता येतं. पण दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्याला या सक्तीतून सूट आहे! म्हणजे जी बाई पै पै जमवून एक-दीड ग्रॅम घेते तिच्याच दागिन्यावर शिक्का नसू शकतो. म्हणून छोटं घेत असाल तर लाजू नका, उलट जास्त विचारा: किती कॅरेट, किती ग्रॅम किती मिली, घडणावळ किती, आणि हे सगळं पक्क्या बिलावर लिहून घ्या. "एवढ्याशा गोष्टीला काय बिल" असं म्हणतील, तरी घ्या, मोडायला जाल तेव्हा तोच कागद कामी येतो.

रोख घेऊन जाणाऱ्यांसाठी अजून एक. शेतकऱ्याच्या हातात रोख पाहून विचित्र नजरेने बघतात, पण रोख देणं गुन्हा नाही, फक्त एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख दुकानदाराला घेता येत नाही, २०१७ पासून तसा इन्कम टॅक्सचा नियम आहे, आणि दोन लाखांच्या वरच्या खरेदीला पॅन मागतात. ते मागितलं तर त्यात अपमान नाही, ते सगळ्यांनाच मागतात.

हॉटेलात गेल्यावर दाराजवळचं नाहीतर बेसिनजवळचंच टेबल का देतात?

कारण काचेजवळच्या टेबलावर कोण बसलंय ते रस्त्यावरून दिसतं. मला हे एका वेटरनेच सांगितलं, त्याच्या हॉटेलात मॅनेजरने तसं सांगून ठेवलं होतं.

मागच्या वर्षी सासूबाईंना घेऊन आम्ही वर्धा रोडवरच्या एका हॉटेलात गेलो, त्यांचा पंचाहत्तरावा वाढदिवस होता आणि त्यांना एकदा तरी एसीत बसून जेवायचं होतं. त्या नऊवारीत, कपाळावर मोठं कुंकू, हातात कापडी पिशवी, कारण पिशवीशिवाय त्या घराबाहेर पडत नाहीत. पाच टेबलं रिकामी दिसत होती तरी आम्हाला सांगितलं सगळी रिझर्व्ह आहेत आणि किचनच्या दाराजवळ बसवलं, ते दार दर मिनिटाला उघडायचं आणि गरम वाफ सासूबाईंच्या पाठीवर यायची. वीस मिनिटांनी एक कुटुंब आलं, मुलाने शॉर्ट्स घातली होती, ते सरळ काचेजवळ जाऊन बसले. मी उठून मॅनेजरकडे गेले आणि विचारलं, "दादा, त्या टेबलावर बुकिंग यांच्याच नावाने होतं का?" तो काही बोलला नाही. मी म्हटलं, "आईंचा वाढदिवस आहे, तिकडचं दुसरं टेबल रिकामं आहे, आम्ही तिथे बसतो." आणि बसलो. भांडण झालं नाही. सासूबाईंना यातलं काही कळलं की नाही मला माहीत नाही, त्यांनी जागा बदलल्यावर खिडकीतून मेट्रो जाताना पाहिली आणि पिशवीतून रुमाल काढून काच पुसली, अजून नीट दिसावं म्हणून.

हॉटेलातल्या बाकीच्या गोष्टी पटापट सांगते. न विचारता बाटलीचं पाणी टेबलावर ठेवलं तर "साधं पाणी आणा" म्हणा, त्यात कसली आली लाज. मेन्यू इंग्रजीत असेल तर वेटरला विचारा यात काय असतं, किती जणांना पुरतं, तिखट किती, ते सांगणं त्याचं कामच आहे. आणि बिलात सर्व्हिस चार्ज लावला असेल तर तो काढायला सांगा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तशा गाइडलाइन्स काढल्या की हॉटेलला तो आपोआप लावता येत नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने त्या कायम ठेवल्या. जीएसटी वेगळा, तो द्यावाच लागतो. हे मी मुद्दाम सांगते कारण ज्याला आधीच अवघडल्यासारखं वाटत असतं तो बिलाकडे न बघता पैसे ठेवून निघतो, मी माझ्या भावाला असं करताना पाहिलंय.

सकाळी कस्तुरचंद पार्कजवळ तर्री पोहे खायला उभं राहिलं की असला प्रश्नच येत नाही. ट्रॅकसूटवाला, रिक्षावाला, वकील, सगळ्यांच्या हातात तीच प्लेट आणि सगळ्यांच्या नाकातून तेच पाणी. सावजीच्या खानावळीत बाकड्यावर बसतानाही कोणी चप्पल बघत नाही. शहराला हे जमतं, मग काच लावली आणि एसी लावला की का जमत नाही?

ड्रेस कोड आहे म्हणून धोतर किंवा साडी घातलेल्याला नाही म्हणू शकतात का?

क्लब, मोठी हॉटेलं ड्रेस कोड ठेवतात, पण आपल्या पारंपरिक कपड्यांना नाही म्हणणं हे लोकांनी वेळोवेळी हाणून पाडलंय. चेन्नईत २०१४ मध्ये हायकोर्टाच्या एका न्यायाधीशांना वेष्टी म्हणजे धोतर नेसलं म्हणून क्लबात शिरू दिलं नाही, त्यावर इतका गदारोळ झाला की त्याच वर्षी तामिळनाडू विधानसभेने कायदाच केला, वेष्टी नेसलेल्याला क्लब किंवा सार्वजनिक जागेत अडवलं तर एक वर्षापर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. तो कायदा तामिळनाडूपुरता. जुलै २०२४ मध्ये बेंगळुरूच्या एका मॉलमध्ये धोतर नेसलेल्या शेतकऱ्याला मुलासोबत सिनेमा बघायला जाऊ दिलं नाही, तेव्हा तिथल्या सरकारने मॉल सात दिवस बंद ठेवायला लावला. धोतर म्हणजे आमच्या बाबांचा रोजचा कपडा, त्यामुळे ती बातमी मी दोनदा वाचली.

साध्या कपड्यातल्या शेतकऱ्याने शोरूममध्ये नोटांचा गठ्ठा टाकला, असे व्हिडिओ येतात. ते पाहून बरं वाटतं ना?

सगळ्यांना वाटतं. जानेवारी २०२२ मध्ये कर्नाटकात तुमकूरला असं झालं होतं, पिकअप गाडी घ्यायला गेलेल्या शेतकऱ्याला सेल्समन काहीबाही बोलला, आणि तो तासाभरात दहा लाख घेऊन परत आला. मी पण तेव्हा चार जणांना ती बातमी पाठवली होती.

पण नंतर मला ती गोष्ट खटकायला लागली. समजा त्याच्याकडे दहा लाख नसते तर? फक्त किंमत विचारायला आला असता, दोन वर्षांनी घेऊ म्हणून? मग सेल्समन बोलला ते चालून गेलं असतं का? अशा गोष्टींमधून आपण हेच शिकून राहिलो आहोत की अपमान चुकीचा होता कारण त्याच्याकडे पैसे निघाले. बाबांकडे साडेबारा हजार निघाले होते, त्याने काय झालं ते वर लिहिलंय.

वऱ्हाडीत बोललं की गावठी समजतात. हिंदीत बोलावं का?

नागपूरच्या दुकानांत हिंदी चालतेच, त्यात वाईट काही नाही, पण भीतीने भाषा बदलू नका. "मले ते निळं लुगडं दाखवा" हे वाक्य पूर्ण आहे, त्यात समजायला काही राहत नाही. माझ्या दुकानात मी बाईच्या भाषेतच उत्तर देते, वऱ्हाडीत विचारलं तर वऱ्हाडीत, आणि तिचा आवाज लगेच मोकळा होतो.

कायदा आपल्या बाजूने आहे का?

काही ठिकाणी पूर्ण, काही ठिकाणी अर्धा, ते नीट समजून घ्या.

जात, धर्म, वंश, लिंग, जन्मस्थान यावरून दुकानात, हॉटेलात, सिनेमा-नाटकाच्या जागी कोणाला अडवता येत नाही, हे संविधानाच्या कलम १५ मध्ये दुसऱ्या उपकलमात दुकानं आणि उपाहारगृहं असे शब्द घालून लिहिलंय. बाबासाहेबांच्या पिढीला हॉटेलात वेगळा कप मिळायचा, त्यामुळे ते शब्द तिथे का आहेत हे दीक्षाभूमीच्या शहरात वेगळं सांगायला नको. कलम १७ ने अस्पृश्यता संपवली, १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आणि १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा आहे. कपडे पाहतोय असं दाखवून खरं तर आडनाव विचारलं जात असेल, जातीवरून बोललं जात असेल, तर तो साधा उद्धटपणा नाही, तो गुन्हा आहे आणि पोलीस स्टेशनलाच जावं. तृतीयपंथी व्यक्तींना सेवा नाकारता येत नाही, त्यासाठी २०१९ चा कायदा आहे, आणि अपंग व्यक्तींसाठी २०१६ चा.

फक्त कपडे साधे आहेत, गरीब दिसतो, एवढ्यावरून वाईट वागवलं तर त्या कलमात कपडे आणि गरिबी हे शब्द नाहीत. तिथे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ धरावा लागतो, आणि त्यासाठी तुम्ही ग्राहक असावं लागतं, म्हणजे पैसे दिलेत किंवा द्यायचं ठरलंय. म्हणून बिल जपा.

तक्रार नेमकी कुठे करायची?

आधी मालकाकडे, मॅनेजरकडे नाही. मालकाला बरेचदा माहीतच नसतं, किंवा माहीत असतं पण कोणी तोंडावर बोललेलं नसतं. तारीख, वेळ, काय बोलले ते शब्द, सगळं त्याच दिवशी लिहून ठेवा, चार दिवसांनी शब्द बदलतात.

मग १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीतही बोलता येतं. त्यानेही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग, ऑनलाइन ई-जागृती पोर्टलवरून अर्ज करता येतो. वस्तू किंवा सेवेसाठी दिलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, घटनेपासून दोन वर्षांच्या आत करायची.

मुलांसमोर असं झालं तर?

तिथेच, त्यांच्यासमोर, शांत आवाजात बोला. घरी जाऊन "जाऊ दे" म्हटलं की मुलं तेवढंच लक्षात ठेवतात. आणि "आपल्याकडे पण खूप पैसे आहेत" असं मुलांना सांगू नका.

मी स्वतः दुकानात सेल्सला आहे. मी काय करू शकते?

तू विचारलंस याचंच मला कौतुक आहे. पहिलं पाणी, मग "कोणासाठी बघताय ताई?" असं विचार, "बजेट किती" नंतर. कोणासाठी ते कळलं की रेंज आपोआप कळते, आईसाठी, नवरीसाठी, रोजच्या वापराला. तीन वेगवेगळ्या किमतीच्या साड्या एकदम समोर ठेव आणि किमती मोठ्याने सांग, म्हणजे समोरच्याला टॅग शोधावा लागत नाही, ती स्वतःच हात लावून सांगते कुठली पुढे दाखवायची. याने टार्गेटही बुडत नाही, मी शेवटची दोन वर्षं असंच केलं, आणि कित्येक बाया नाव घेऊन मलाच शोधत यायच्या.

घ्यायचं नसेल, नुसतं बघायला गेलं तर चालतं का?

चालतं.

आमच्या गल्लीत धुणीभांडी करणाऱ्या एक काकू आहेत, मार्चमध्ये दुपारी आल्या, म्हणाल्या, "ती पिवळी दाखव ना, घेत नाही हं मी." सिल्क होती, माझ्याकडची सगळ्यात महाग. मी कटिंग टेबल रिकामं केलं आणि पूर्ण उघडली, काठ, बुट्टी, पदर. त्यांनी हात स्वतःच्या पदराला पुसले, मग साडीवरून एकदा फिरवले, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग आणखी दोन पाहिल्या. "पाहून झालं," म्हणाल्या आणि पुढच्या घरी कामाला गेल्या. तिन्ही घड्या घालायला मला पाच मिनिटं लागली.